सरवा

शनिवार दुपार. लॅकवॉनातलं कॅसिमिरचं गॅरेज.
एप्रिल संपत आला तरी दाराशी
काळवंडल्या बर्फाचा एक ढिगारा तग धरून आहे.
कॅसिमिर म्हणतो, सीझन संपल्याचं
त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

ड्राफ्टच्या पहिल्या फेऱ्या
गुरुवार-शुक्रवारीच आटोपल्या.
नव्या सुटातली पोरं, रडणाऱ्या आया,
ते भरलं पीक ज्याचं त्यानं घरी नेलं.
आता उरला सरवा.
सहावी फेरी, सातवी फेरी,
कापणी झालेल्या रानात
वाकून वेचायची कणसं.
वाकायचं आम्हाला काही नवं नाही.
आमची टीम वीस वर्षं तेच करतेय.

ऑरलीना शाळेची बस चालवते.
तिची वही निळी, कडा कॉफीनं तपकिरी.
"हा बघा. नॉर्थ डकोटाचा. टॅकल.
तीनशे बारा पौंड. हात एक इंच आखूड."
"कशापेक्षा आखूड?"
"असायला हवेत त्यापेक्षा."
आम्ही तिघंही नकळत
आपापले हात बघतो.

पुढचा, गुडघा दोनदा उघडलेला.
पुढचा, चाळीस यार्डांना पावणेपाच सेकंद.
"तेवढ्यात मी खुर्चीतून उठतो,
नव्या खुब्यासकट," कॅसिमिर म्हणतो.
(उठत नाही. आम्ही मोजलंय.)
त्याच्या पुढचा चोवीस वर्षांचा,
शेऱ्यात लिहिलंय: वय झालेलं.
एकाहत्तरचा कॅसिमिर
बिअरच्या डब्यात तोंड घालून
बराच वेळ हसतो.

माझं मन बसलंय एका पंटरवर.
दोघं मला वेड्यात काढतात.
पंटर म्हणजे सगळं फसल्यावर बोलवायचा माणूस:
चेंडू आपल्याकडे टिकत नाही ना,
मग निदान लांब तरी धाड.
मी एकोणीस हिवाळे
काउंटीचा बर्फ रस्त्यावरून बाजूला लोटते.
लांब ढकलणं म्हणजे काय,
ते मला नका शिकवू.

साडेपाचला टेरॉन आला, विंग्ज घेऊन.
टीव्हीचा आवाज कुणीतरी उगाच कमी केला.

नऊ वर्षांपूर्वी याच खुर्च्यांवर बसून
आम्ही त्यालाही पारखलं होतं.
आपल्याच गल्लीतला पोरगा, लाइनबॅकर.
याच वहीत असेल, मागे कुठेतरी,
ऑरलीनाच्या अक्षरात:
पाय जड. मन चांगलं. घ्या.
दुसऱ्याच एका टीमनं घेतला, दोनशे एकेचाळिसावा.
एक उन्हाळा कॅम्पमध्ये ठेवला,
ऑगस्टच्या शेवटी सामान भरायला सांगितलं.
आता तो आमच्या तळघरांतल्या भट्ट्या दुरुस्त करतो.
जिन्यावर त्याचा गुडघा
त्याच्या आधी पोचतो.

हात पुसून त्यानं वही ओढली.
पानं मागे गेली नाहीत.
नॉर्थ डकोटावर बोट ठेवून विचारलं,
"याच्या घरात रेंज येते का?"
"कसली?"
"फोनची. आमच्याकडे यायची नाही.
दिवसभर मी छपरावर बसलो होतो.
त्या माणसानं माझं नाव चुकीचं उच्चारलं.
मी दुरुस्त नाही केलं.
म्हटलं, दुसऱ्या कुणाला लावला असेल फोन,
तर ठेवून देईल."

ऑरलीना पेन्सिलीला टोक करू लागली.
टोक आधीच होतं.

आणि तेवढ्यात आमची पाळी येऊन गेलीसुद्धा.
सातव्या फेरीत नावं वाचत नाहीत,
पडद्याखालच्या पट्टीवरून सरकतात.
ना पंटर, ना आखूड हातांचा टॅकल,
आयडाहोचा कुणी तिसराच,
वहीत कुठेही नसलेला.

"कोण हा?" कॅसिमिर म्हणाला. "हात कसे आहेत?"

टेरॉननं शेवटचं विंग उचललं.
"दोन आहेत," तो म्हणाला.

ऑरलीनानं नवं पान काढलं
आणि तेच लिहिलं.